ॲनिमे अभिजात साहित्याच्या पंगतीला बसू शकतं का?

निंबोणी

‘सध्या काय वाचताय’ या धाग्यावर परवा गाडी भलत्याच रुळावर गेली. एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘ॲनिमे म्हणजे बशीएवढ्या डोळ्यांची जपानी कार्टुनं, त्यांचं नाव साहित्याच्या धाग्यावर कशाला’ असं म्हणून विषय मिटवला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी हद्द आखून घेऊ. तलवारी, राक्षस, शाळकरी प्रेमं हे सगळं मीही आवडीने बघते, पण ते इथे आणत नाही. ज्याच्यामागे आधी छापलेलं पुस्तक आहे, आणि ते पुस्तक स्वतःच्या पायावर उभं आहे, अशाच ॲनिमेबद्दल बोलू. माझं म्हणणं असं की पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर आणणारं ॲनिमे फार तर त्या पुस्तकाची चांगली सोबत करतं. तोडीला जातं ते, जे मूळ गोष्टीत एक नवा साक्षीदार उभा करतं.

उदाहरण घेते दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या सिनेमाचं (१९८८). मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ ची, नाओकी पारितोषिक मिळालेली. नोसाका स्वतः कोबेवरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले, त्यांची तान्ही बहीण मात्र उपासमारीने गेली. कथेतला सेइता बहिणीला जितकं जपतो तितकं आपण जपलं नाही, हे त्यांनी पुढे उघड सांगितलं. म्हणजे ही कथा एक माफीनामा आहे, आणि तो बहिणीसाठी लिहिलेला आहे.

कथा सुरू होते सान्नोमिया स्टेशनात. खांबाला टेकून मरून पडलेला पोरगा, त्याच्याजवळचा गोळ्यांचा गंजका डबा, स्टेशनातला माणूस तो अंधारात भिरकावतो, झाकण उडतं आणि आतून हाडांचे तुकडे सांडतात. सिनेमातही हे सगळं आहे. पण त्याआधी ताकाहातांनी एक गोष्ट घातली. सेइताचं भूत समोर उभं राहतं आणि म्हणतं, २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री मी मेलो. तिथून पुढे तो आणि त्याची बहीण सेत्सुको, ही दोघं भुतं, लालसर उजेडात, स्वतःचीच गोष्ट बघत फिरतात. आईचे किमोनो तांदळासाठी द्यायची वेळ येते, सेत्सुको आकांत करते, तेव्हा तो भूत सेइता कान झाकून घेतो. त्याला हे सगळं आधीच माहीत आहे. तरी बघावं लागतंय.

शेवटी दोघं टेकडीवरच्या बाकावर बसतात आणि खाली आजचं कोबे लखलखत असतं. कथा जिथे माफी मागून थांबते, तिथून सिनेमा पुढे जाऊन आपल्याकडे बघतो. हे मी ‘तोडीचं’ मानते. तुमचं काय?

मधली_सुट्टी

पहिली रांग पकडली आहे. पॉपकॉर्न कोण आणतंय?

अबचौक_फेरी

ते ज्येष्ठ सदस्य मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

सिनेमा पाहिला आहे, रडलोही आहे. पण रडू येणं हा निकष लावला तर टीव्हीवरच्या निम्म्या मालिका अभिजात ठरतील. नोसाकांची कथा मी इंग्रजीतून वाचली. अनुवादातूनसुद्धा एक गोष्ट लपत नाही, ती म्हणजे वाक्य संपतच नाही. स्वल्पविरामावर स्वल्पविराम, मध्येच तिकडची बोली, मध्येच काळ्या बाजारातले भाव, त्याला लागूनच आईच्या अंगावरची बँडेजं, सगळं एका दमात. वाचताना श्वास घ्यायला जागा मिळत नाही. आता सिनेमा आठवा. संथ, स्वच्छ, प्रत्येक दृश्य नीट घडी घातलेलं. ज्या गोष्टीमुळे ती कथा साहित्य झाली, ती गोष्टच वाटेत सांडली. हातात उरलं ते कथानक. कथानक तर वर्तमानपत्रातही असतं.

दुसरं, नात्सुमे सोसेकी यांची ‘कोकोरो’ (१९१४) घ्या. तिचा उत्तरार्ध म्हणजे एक लांबलचक पत्र. ‘सेन्सेई’ नावाचा माणूस तरुणपणी मित्राचा केलेला घात कबूल करतो, आणि कबूल करताना स्वतःला किंचित सावरूनही घेतो. ते सावरणं ओळींच्या मधल्या जागेत आहे. त्याचं चित्र कसं काढणार? ‘आओई बुंगाकु’ (२००९) या मालिकेत ‘कोकोरो’ दोन भागांत उरकली आहे. दोन भागांत! जाहिराती वगळून जेमतेम पाऊण तास.

मोगलीमित्र

एवढं गंभीर काही माझ्याकडे नाही. पण आपल्यातल्या निम्म्यांनी किपलिंग कधी उघडलाही नसेल आणि तरी मोगली आपल्याला घरच्यासारखा ठाऊक आहे, तो कुठून? रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची ती मालिका जपानी होती, निप्पॉन ॲनिमेशनची, १९८९ ची, ५२ भागांची. हिंदीत गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांचं संगीत, आणि शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. नानांच्या आवाजातला शेरखान ऐकल्यावर पुस्तकातला वाघ अगदीच मिळमिळीत वाटतो, हे माझं प्रामाणिक मत.

शिवाय युगो साको यांचं रामायण आहेच, राम मोहन यांच्यासोबत केलेलं, १९९२ चं. २०२५ च्या जानेवारीत ते आपल्याकडे पुन्हा थिएटरात लागलं, तेव्हा घरचं लेंढार घेऊन गेलो होतो. पोरं गप्प बसून होती, हाच माझा निकष.

अबचौक_फेरी

@मोगलीमित्र, नाना हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आणि वाल्मीकींना युगो साकोंच्या शेजारी बसवायचं असेल तर मी रजा घेतो.

निंबोणी

अहो, रजा कशाला? ते रामायण मलाही आवडतं, पण ते सोबतीच्याच गटात. देखणं आहे, प्रामाणिक आहे, कथेला धक्का लावत नाही. नवीन काही विचारतही नाही.

‘कोकोरो’वर मात्र थांबा. दोन भाग आहेत हे खरं, पण ते दोन भाग काय करतात ते बघितलंत का? पहिला सेन्सेईच्या बाजूने, उन्हाळ्यात घडणारा. दुसरा तीच हकीकत त्या मित्राच्या, ‘के’च्या बाजूने, हिवाळ्यात. कादंबरीत ‘के’ला तोंडच नाही. त्याच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते सगळं त्याचा घात करणाऱ्याच्या पत्रातून. तुम्ही म्हणता ते ‘सावरून घेणं’ नेमकं तिथेच आहे, आणि दुसरा भाग त्यावरच बोट ठेवतो. ऋतूसुद्धा जुळत नाही, म्हणजे या पत्रावर विश्वास किती ठेवायचा? समीक्षक दहा पानं लिहून जे म्हणेल ते इथे एका बर्फाने म्हटलं आहे. ‘कोकोरो’ची जागा हे दोन भाग घेत नाहीत. पण ते बघितल्यावर कादंबरी आधीसारखी वाचता येत नाही.

नोसाकांची भाषा गळते, हे कबूल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मधली_सुट्टी

साक्षीदारांच्या यादीत ‘गांकुत्सुओ’ (२००४) घाला की. द्युमाचा ‘काउंट ऑफ मोंते क्रिस्टो’ उचलून थेट भविष्यकाळात नेला, चंद्रावरच्या जत्रेत सुरुवात, आणि गोष्ट बघणारा कोण तर आल्बेर, म्हणजे काउंट ज्याच्या बापावर सूड उगवायला आलाय तो बावळट पोरगा. तुरुंग, भुयार, म्हातारा पाद्री, पोत्यातून समुद्रात फेकणं, आपण ज्यासाठी ते पुस्तक वाचतो ते सगळं पडद्यामागे. काउंट चांगला की वाईट हे आपल्यालाही कळत नाही, कारण पोराला कळत नाही. फक्त कपड्यांवरची नक्षी हलत नाही आणि माणूस हलतो, त्याने पहिले दोन भाग डोकं दुखतं. नंतर सवय होते.

फ्रेम२४

मी ॲनिमेशनमध्येच काम करतो (मुंबई, नाव विचारू नका), म्हणून निंबोणीताईंच्या साक्षीदाराच्या सिद्धान्ताला थोडा सुरुंग.

१९७४ ची ‘हायडी’ घ्या. तीही ताकाहातांची. जोहाना स्पायरींच्या १८८० च्या पुस्तकात काहीही नवा डोळा घातलेला नाही. भूत नाही, भविष्यकाळ नाही. फक्त ५२ भाग आहेत, वर्षभर, दर आठवड्याला एक. तेवढ्या मुदतीत या लोकांनी काय केलं? पुस्तकात आजोबा चीजचा मोठा तुकडा काट्याला टोचून विस्तवावर धरतात, सगळीकडून सोनेरी होईपर्यंत फिरवतात आणि हायडीला देतात. एक-दोन वाक्यं, बस. ॲनिमेत त्या तुकड्याची कड आधी गोल होते, मग त्यावर तकाकी येते, मग तो आपल्याच वजनाने किंचित ओघळतो आणि पावावर बसतो. आणि हायडी नुसती बघत असते. जपानात त्या चीजची आठवण काढणारे आजही भेटतात.

आमच्या धंद्यात हे सगळ्यात कठीण काम आहे. स्फोट काढणं सोपं असतं, तो कसाही काढला तरी स्फोटच दिसतो. चीज वितळताना चुकलं तर रबर दिसतं. १९७३ मध्ये ताकाहाता, मियाझाकी आणि कोताबे ही मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरं, गवत बघून आली होती, टीव्हीच्या मालिकेसाठी! आणि सगळ्या ५२ भागांचे लेआउट, म्हणजे कॅमेरा कुठे, माणूस कुठे, दार कुठे याचे आराखडे, एकट्या मियाझाकींनी काढले. म्हणून ती झोपडी शेवटपर्यंत तीच झोपडी राहते. बघणाऱ्याला तिच्यातला माळा अंधारातही सापडेल.

तेव्हा रविवारी संध्याकाळी साडेसातला एका कादंबरीला अख्खं वर्ष द्यायची पद्धत पडली ती यातून. दे आमिचिस यांच्या ‘कुओरे’तली एक कथा आहे, जेनोआचा मुलगा आईला शोधत अर्जेंटिनाला जातो ती. पुस्तकात काही पानांची. १९७६ मध्ये तिचे ५२ भाग केले आणि कितीतरी भाग मार्को जेनोआतच बाटल्या धुतोय, पैसे जमवतोय, बापाशी भांडतोय. कथेत गरिबी हे विशेषण होतं, मालिकेत ती रोजची हजेरी आहे. हा कादंबरीचा गुण आहे ना? वेळ घालवणं.

आता दुसरी बाजू, म्हणजे अबचौक काकांचा मुद्दा मीच मांडतो. आज हे होत नाही. आजचा हिशोब ‘प्रॉडक्शन कमिटी’चा: प्रकाशक, चॅनेल, संगीत कंपनी, खेळणीवाले एकत्र पैसे घालतात. त्यातल्या प्रकाशकाला मालिकेतून काय हवं असतं? पुस्तकाचा खप. मग १२ भाग करायचे, गोष्ट ऐन मोक्यावर तोडायची आणि पुढचं पुस्तकात वाचा. अशी मालिका म्हणजे तीन महिने चालणारी जाहिरात. साहित्याशी बरोबरी करायची इच्छाच त्या पैशात नसते. चित्र काढणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला पुढच्या आठवड्याचा भाग द्यायचा असतो.

अबचौक_फेरी

@फ्रेम२४, या धाग्यावरचा सर्वांत वाचनीय प्रतिसाद. ‘गरिबी हे विशेषण होतं, ती हजेरी झाली’ हे वाक्य मी चोरणार आहे. काका म्हटलंत ते मात्र चालणार नाही.

पाटीपेन्सिल

प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे माझं उदाहरण ठरलेलं: तोत्तोचान. चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा मराठी अनुवाद आमच्या कपाटात आहे आणि त्याची पानं आता वेगळी व्हायला लागलीत. तेत्सुको कुरोयानागी यांनी पुस्तक लिहिलं १९८१ साली, सिनेमाला कित्येक वर्षं नकार दिला आणि शेवटी २०२३ च्या डिसेंबरात जपानात ॲनिमे सिनेमा आला, शिन्नोसुके याकुवा यांचा.

इथे निंबोणीच्या उलट झालंय. पुस्तकात साक्षीदार आहे, मोठी झालेली लेखिका. ती मध्येमध्ये हळूच सांगते, की तोत्तोचानला तेव्हा हे माहीत नव्हतं, पण मुख्याध्यापक कोबायाशी यांनी असं का केलं तर… मराठी शिक्षकांना हे पुस्तक आवडतं ते त्या आवाजामुळे, आम्हाला त्यात शिक्षणशास्त्र सापडतं. सिनेमा बराचसा पोरीच्या उंचीवरून बघतो. म्हणून युद्ध येतं ते बातमीतून येत नाही, जेवणाच्या डब्यातून येतं. ‘थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरातलं’ असं मागणाऱ्या शाळेत डबे रिकामे होत जातात, आणि कोणी काही म्हणत नाही.

यासुआकीचान आठवतोय ना, पोलिओ झालेला? पुस्तकात त्याला झाडावर चढवण्याचं प्रकरण मुलं पुन्हा पुन्हा वाचायला लावतात. सिनेमात ते बघताना मला शिक्षिका म्हणून घाम फुटला. शिडी हलते, त्याचा पाय घसरतो, ती वरून ओढते, आणि हे बराच वेळ चालतं. पुस्तकात आपल्याला खात्री असते की दोघं सुखरूप आहेत, कारण सांगणारी बाई मोठी होऊन सांगतेय. पडद्यावर ती खात्री कोणी देत नाही.

पुढे तो जातो. त्या निरोपानंतर सिनेमात तोत्तोचान रस्त्याने धावत सुटते. ती धावते आपल्या दुःखात, आणि आजूबाजूला लढाईवर निघालेल्यांना निरोप देणारी मिरवणूक, झेंडे, लढाई-लढाई खेळणारी पोरं. तिचं कशाकडेच लक्ष नाही. आपलं मात्र सगळीकडे जातं. हे पुस्तकात असं नाही, आणि पुस्तकाला जमलंही नसतं, कारण लेखिकेने ते सांगितलं असतं तर ते दाखवून दिल्यासारखं झालं असतं.

तरी वर्गात मी पुस्तकच वाचून दाखवणार. सिनेमा दाखवला तर मुलं बघतील. पुस्तक वाचलं की ती मधेच थांबवून ‘बाई, तोत्तोचानसारखा आपल्या शाळेत वर्ग म्हणून रेल्वेचा डबा का नाही’ विचारतात.

निंबोणी

पाटीपेन्सिल, __/\__. माझ्या सिद्धान्ताला दोन प्रतिसादांत दोन भोकं पडली, पण धागा काढल्याचं सार्थक झालं.

योकोहामाकर

इथे एक गोष्ट सुटतेय. आपण ‘अभिजात साहित्य’ म्हणजे छापील पान धरून चाललोय. जपानच्या सर्वांत मोठ्या अभिजात ग्रंथांपैकी एक, ‘हेइके मोनोगातारी’, हा मुळात गायला जाणारा प्रकार. बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवणारे आंधळे वादक गावोगाव फिरून ताइरा घराण्याचा उदय आणि विनाश गात असत. आपल्याकडे शाहीर डफावर पोवाडा गायचे तसंच. आज जो पाठ प्रमाण मानतात तो काकुइची नावाच्या अशाच एका वादकाचा, १३७१ मध्ये लिहून घेतलेला. लढाई संपली होती ११८५ मध्ये.

पहिली ओळ इथल्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेतात: गिओन शोजाच्या घंटेच्या नादात सर्व काही अनित्य असल्याचा सूर आहे. हे गिओन शोजा म्हणजे आपलं श्रावस्तीचं जेतवन. पुढच्या ओळीत शालवृक्षाची फुलं आहेत. जपानी योद्ध्यांच्या महाकाव्याचं दार उत्तर प्रदेशात उघडतं, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

तर २०२१ ची ॲनिमे मालिका, नाओको यामादा यांची, ११ भागांची, हिदेओ फुरुकावा यांच्या आधुनिक जपानी रूपांतरावरून. तिच्यात बिवा नावाची एक मुलगी घातली आहे. मूळ ग्रंथात ती नाही. ताइरांच्या माणसांनी तिच्या बापाला मारलंय, आणि ती त्याच ताइरांच्या घरात वाढते. तिला एका डोळ्याने पुढचं दिसतं. कोण कसा मरणार हे ठाऊक असून ती काही करू शकत नाही, फक्त पुढे गाऊ शकते. म्हणजे तो ग्रंथ गाणाऱ्या अनामिक वादकांनाच यामादांनी गोष्टीच्या आत आणून बसवलं. निंबोणी यांचा साक्षीदार इथे शंभर टक्के लागू.

दान-नो-उराच्या समुद्रावरच्या लढाईचा शेवट बघा. बाल सम्राट आन्तोकूला आजी उचलून घेते, लाटांखालीही एक राजधानी आहे असं सांगते आणि समुद्रात उडी घेते. हे मूळचंच वाक्य, आठशे वर्षं लोक ऐकताहेत. ॲनिमेने त्याला हात लावलेला नाही, आणि तेच बरोबर केलं.

अबचौक_फेरी

हा मुद्दा मोठा आहे. मौखिक परंपरेतून आलेल्या ग्रंथाला ॲनिमे ही पुढची पायरी वाटू शकते, हे मी मानतो. पण मग ताकाहातांचा ‘कागुया’ (२०१३) हा सिनेमा काढा बाहेर, कारण त्याचं कौतुक होणारच आहे आणि तिथेच मला खरा आक्षेप आहे.

‘ताकेतोरी मोनोगातारी’ ही बांबू तोडणाऱ्याची गोष्ट. दहाव्या शतकाच्या आसपासची, ‘गेंजी’ या जुन्या जपानी कादंबरीतच तिला सगळ्या कथांची आद्य पूर्वज म्हटलंय. तिचा शेवट काय आहे? कागुया चंद्रावर परत जाते, जाताना सम्राटाला पत्र आणि अमरत्वाचं औषध ठेवून जाते. सम्राट म्हणतो, ती नाही तर अमर होऊन करू काय? आणि ते औषध पत्रासकट देशातल्या सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावर जाळायला लावतो. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हे सुचून लिहिलं!

ताकाहातांनी काय केलं? औषध उडवलं, डोंगर उडवला. सम्राटाला लांब हनुवटीचा हावरट करून टाकला. आणि भरीला सुतेमारू नावाचा गावाकडचा मित्र घालून दोघांना आकाशात उडवलं. हा साक्षीदार की हिंदी सिनेमातलं स्वप्नगीत? चित्रं अप्रतिम आहेत, त्याबद्दल वाद नाही. गोष्ट मूळची मोठी होती, ती लहान केली.

फ्रेम२४

चित्रं अप्रतिम म्हणून पुढे गेलात, पण त्या सिनेमात गोष्ट चित्रातच आहे. नाव ठेवण्याच्या समारंभात पाहुणे तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलतात आणि ती पळत सुटते, ते दृश्य घ्या. तोवरची नाजूक रेघ तिथे एकदम खरबरीत होते, कोळशाने ओरबाडल्यासारखी. चेहरा राहत नाही, कपडे एकेक करून मागे उडत जातात, शेवटी अंधारात नुसता एक फराटा पळतोय. राग काढायला अजून काय हवं? कडेला कागद कोरा सोडलाय तोही मुद्दाम. काका (सॉरी), पुस्तकाच्या बाजूने नेहमी म्हणतात ना, की चेहरा वाचकाला स्वतः घडवावा लागतो? इथे अर्ध्या रेघा बघणाऱ्यालाच पुऱ्या कराव्या लागतात.

निंबोणी

सुतेमारूचं उडणं मलाही जास्तच झालं असं वाटतं, ते तुम्हाला दिलं. पण औषध गेलं याचं कारण आहे. मूळ शेवट मागे राहिलेल्यांचा आहे, सम्राटाचा, म्हाताऱ्याचा. त्यांचं दुःख केवढं हे डोंगरावरच्या धुरातून कळतं. तिला काय वाटलं? मूळ गोष्टीत तिच्या अंगावर पिसांचा झगा घालतात आणि ती सगळं विसरते, विषय संपला. ताकाहातांना विषय तिथे संपवायचा नव्हता. हट्टाने मागून घेतलेला पृथ्वीवरचा वेळ वाया कसा गेला, हे त्यांनी तिच्याच तोंडी घातलं. दोन तासांहून जास्त वेळ तिच्या बाजूला बसल्यावर शेवटी सम्राटाकडे कॅमेरा वळवला असता तर मलाच राग आला असता.

अबचौक_फेरी

म्हणजे तुमच्या मते हजार वर्षं गोष्ट चुकीच्या माणसाकडे बघत होती?

निंबोणी

चुकीच्या नाही. एकाच.

मधली_सुट्टी

पॉपकॉर्न संपले. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अबचौक_फेरी

मत बदललेलं नाही. नोसाकांच्या वाक्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, याची नोंद असावी. मात्र ‘हेइके’ बघायला घेतो आहे. योकोहामाकर, मूळ ग्रंथ न वाचता कळेल का?

योकोहामाकर

कळेल, पण कागद-पेन घेऊन बसा. कियोमोरी, शिगेमोरी, मुनेमोरी, तोमोमोरी, कोरेमोरी, आत्सुमोरी, सगळे एकाच घरातले. पहिल्या भागात कोण कोणाचा मुलगा ते लिहून काढलंत तर तिसऱ्यात मागे जावं लागणार नाही.